राजारामपुरीतला गाळा आणि जाणकाराचे प्रमाणपत्र

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या मेन रोडवर एखादा गाळा विकायला निघाला, की पाटी लागायच्या आधीच त्याची बातमी गल्लोगल्ली पोचते. खाली दुकान, वर दवाखाना किंवा क्लास, त्याच्यावर मालकाचे राहते घर, अशा इमारती इथे जागोजागी आहेत. निवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक किंवा शेत विकून शहरात आलेले कुटुंब या गाळ्याकडे दरमहा घरबसल्या येणारे भाडे म्हणून पाहते. त्यांना गाळ्यापर्यंत नेतो तो एजंट. बहुतेकदा तो ओळखीतला असतो, तालमीतला, भावकीतला, नाहीतर बँकेत भेटलेला. आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार त्याच्या शब्दावर होतो, पण त्याने या कामाचे शिक्षण काय घेतले आहे, हे क्वचितच कुणी विचारते.

हा प्रश्न आता कायद्यानेच विचारला आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्या कलम ९ ने एजंटांना नोंदणी सक्तीची केली. तरी नोंदणी म्हणजे फक्त अर्ज आणि शुल्क. ज्ञानाची परीक्षा त्यात नव्हती. ती महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने आणली. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवणे बंधनकारक झाले. बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस हीच संस्था ही परीक्षा घेते. मे २०२३ मधल्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. पुढे ज्यांनी प्रमाणपत्र घेतलेच नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली.

पहिल्या परीक्षेचा निकाल पाहता ती फार अवघड नाही. तरीही ती मोलाची आहे, कारण तिच्यासाठी कायदा वाचावा लागतो. रेरातल्या ‘अपार्टमेंट’च्या व्याख्येत दुकान, ऑफिस, शोरूम आणि गोदामही येते. विक्रीकरार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्रफळ सांगायचे ते कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेत. ‘सेलेबल’ चौरस फुटाच्या दराने गाळा स्वस्त वाटतो, पण कार्पेटवर भागल्यावर खरा दर दिसतो. नोंदणी नसताना एजंटगिरी केली, तर दिवसाला १० हजार रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कलम ९ ची सक्ती बिल्डर विकत असलेल्या, रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांपुरती आहे. जुन्या इमारतीतला गाळा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, किंवा भाड्याने दिला जातो, तेव्हा मध्यस्थाकडे प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. राजारामपुरीसारख्या वसलेल्या, जुन्या बाजारपेठेत तर असेच व्यवहार फार. म्हणजे जिथे सल्ल्याची सर्वाधिक गरज आहे, तिथेच कायदा गप्प आहे. तिथे चौकशी गिऱ्हाइकालाच करावी लागते.

दुसरी उणीव अभ्यासक्रमाची आहे. सक्षमता प्रमाणपत्र कायदा आणि कागदपत्रे शिकवते. गाळा ही गुंतवणूक म्हणून कशी तपासायची, हा त्याचा विषय नाही. एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. गाळा ८० लाखांचा, भाडे महिना ३५ हजार. वर्षाचे ४ लाख २० हजार होतात, म्हणजे सव्वापाच टक्के. एजंट इथे थांबतो. जाणकार पुढे जातो. मुद्रांक, नोंदणी आणि डागडुजीचे ६ लाख धरले, तर गुंतलेली रक्कम ८६ लाख झाली. भाडेकरू बदलताना वर्षातला एक महिना गाळा रिकामा राहिला, तर भाडे ३ लाख ८५ हजारांवर येते. त्यातून घरफाळा आणि देखभालीचे ६० हजार गेले, की उरले सव्वातीन लाख. परतावा पावणेचार टक्क्यांच्या आसपास आला, आणि आयकर अजून द्यायचाच आहे! भाव वाढेल, हे खरे असू शकते; पण ती अपेक्षा आहे, उत्पन्न नव्हे. महापालिकेच्या घरफाळा विभागात एक चौकशीही आधी करावी: गाळा स्वतः वापरला तर घरफाळा किती आणि भाड्याने दिला तर किती?

भाडेकरू कोण, यानेही गणित बदलते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ बँकांना आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना लागू होत नाही. अशा भाडेकरूशी मालकाचे नाते मुख्यतः करारावर उभे राहते. आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार मालकाची आहे, भाडेकरूची नाही. हे माहीत नसलेले मालक कोल्हापुरातही भेटतात.

हे सगळे शिस्तीने शिकवणाऱ्या संस्था जगात आहेत. शिकागोची सीसीआयएम इन्स्टिट्यूट व्यापारी मालमत्तेच्या गुंतवणुकीचे प्रमाणपत्र देते. आर्थिक विश्लेषण, बाजाराचा अभ्यास, वापरकर्त्याचा निर्णय आणि गुंतवणुकीची तपासणी हे तिचे चार मुख्य टप्पे. सर्वेक्षक आणि मूल्यांकनकारांची लंडनची संस्था आरआयसीएस १८६८ पासूनची. पण कोल्हापूरच्या सायबर चौकात राहणाऱ्या पदवीधराने पहिली फी डॉलरमध्ये भरण्याची घाई करू नये. आधी महारेराची परीक्षा द्यावी. ज्याची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची किंवा वास्तुशास्त्राची आहे, त्याला आणखी भक्कम वाट आहे ती नोंदणीकृत मूल्यांकनकाराची. २०१७ च्या नियमांनुसार ‘जमीन व इमारत’ या वर्गासाठी पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संघटनेचे सदस्यत्व आणि ५० तासांचा अभ्यासक्रम लागतो. मग भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची, म्हणजे आयबीबीआयची परीक्षा. कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनाचा अधिकार या नोंदणीनेच मिळतो.

कोल्हापूरला असे जाणकार आत्ताच हवे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले. कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे इथे चालतात. वकिलांना ऑफिसे लागणार, पक्षकारांसाठी सोयी लागणार. त्या जोरावर वाढीव भाव सांगितला जाईल. तेव्हा सांगणाऱ्याला एवढेच विचारावे, की याच रस्त्यावर गेल्या वर्षभरात नोंदवलेले तीन भाडेकरार दाखवता का? ज्याला खरेच काम येते, तो दाखवतो.

तेव्हा श्रोतेहो, नव्या प्रकल्पातला गाळा घेत असाल, तर एजंटाचा महारेरा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा आणि सक्षमता प्रमाणपत्र पाहायला मागा. जुना गाळा असेल, तर सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती आणि चालू भाडेकरार हातात घेऊन वकिलाकडे जा, आणि किमतीसाठी मूल्यांकनकाराला त्याची फी देऊन लेखी अहवाल घ्या. विसार द्यायचा तो या सगळ्यानंतरच.