तीन टाके आणि पावणेचार तास



मूल सांभाळण्याचं काम मी आयुष्यात दोनदा केलं. एकदा आई म्हणून आणि आता आजी म्हणून. पहिल्या वेळी पोरं पडायची, रडायची, फुंकर घातली की पुन्हा पळायची. त्यांच्या गुडघ्यांवरच्या खपल्यांचा हिशेब मला कोणी मागत नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र मूल आपलंच असूनही ती दुसऱ्याची ठेव असते. ती ठेव एका रविवारी दुपारी माझ्या डोळ्यांदेखत, खरं म्हणजे डोळ्यांआड, पडली. त्याची ही हकिगत.

मुलगा आणि सून साताऱ्याला लग्नाला गेले होते. नातीला सर्दी, म्हणून ती पुण्यात माझ्याजवळ राहिली. वय वर्षं पाच आणि वर चार महिने. जेवणं झाली, मी रविवारची पुरवणी घेऊन कॉटवर आडवी झाले आणि ती झोपाळ्यावर बाहुलीला झोके देत बसली. वाचता वाचता माझा डोळा लागला. हे आज माईकसमोर मी सहज सांगते आहे, पण त्या दिवशी कितीतरी तास कोणाला सांगितलं नव्हतं. धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. बाईसाहेब झोपाळ्यावर उभ्या राहायला गेल्या होत्या. फळीची कड हनुवटीला लागली होती आणि हनुवटीखाली चांगली बोटभर खोक पडली होती. फ्रॉक, फरशी, बाहुली, सगळीकडे रक्त.

अशा वेळी माणूस शिकलेलं सगळं विसरतो. माझा हात पहिल्यांदा गेला तो मिसळणाच्या डब्याकडे. चिमूटभर नाही, चांगली मूठभर हळद मी त्या जखमेत दाबली. आमच्या आईनं तेच केलं होतं, तिच्या आईनंही. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी कॉफीची पूड आणायची तयारी दाखवली. नशीब, तोवर त्यांच्या मुलानं रिक्षा आणली होती. आमचे नेहमीचे डॉक्टर रविवारी नसतात. म्हणून एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

दारातच एका सिस्टरनं पोरीला पाहिलं. बेशुद्ध झाली होती का, उलटी झाली का, विचारलं. डोळ्यांवर बॅटरी मारली. तोंड उघडायला लावलं, दात एकमेकांवर नीट बसतात का पाहिलं, दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं. मग कापसाच्या घडीवर गॉज ठेवून माझ्या हातात दिलं. "घट्ट दाबून धरा. दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. आणि डॉक्टर बघेपर्यंत काही खायला देऊ नका, गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामं हवं." केसपेपर काढून झाला तेव्हा तिनं विचारलं, "पाच वर्षांचा बूस्टर झालाय का हिचा? धनुर्वाताचं त्यावर ठरेल."

मी म्हटलं, "झालाच असेल."

"असेल नको आजी, विचारून सांगा."

विचारायचं कोणाला? सुनेला. म्हणजे फोन करायचा, म्हणजे सांगायचं की पोर पडली, म्हणजे पुढचा प्रश्न येणार, तुम्ही कुठे होता? मी फोन पर्समध्येच ठेवला. जरा वेळानं करू म्हटलं. लग्नघरी जेवणाच्या पंगतीत कशाला त्यांना घोर लावायचा, अशी मनाची समजूतही घातली. खोटी.

साडेतीन वाजले, चार वाजले. आमच्यानंतर आलेला एक गृहस्थ छातीला हात लावून थेट आत गेला. मग टेम्पो उलटून जखमी झालेली सहा माणसं आली. मग एका तरुणाला साप चावलेला. त्याच्या पायाला तर साधा ओरखडाही दिसत नव्हता आणि तोही आमच्या आधी आत! माझा तोल गेला. मी उठून सिस्टरला चार शब्द सुनावले. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आवाज अजून खणखणीत आहे. रांग म्हणून काही असते की नाही, एवढंसं पोर पावणेतीनपासून रक्ताळलेलं बसलंय, वगैरे वगैरे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, गॉज उचला बघू आता." मी उचललं. रक्त थांबलेलं होतं. कधी थांबलं मला कळलंही नव्हतं. "चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून इवल्याशा जखमेतून एवढं रक्त येतं. आणि म्हणूनच ती भरतेही लवकर. टाके आत्ता घातले काय आणि तीन तासांनी घातले काय, हिला फरक पडत नाही. त्या साप चावलेल्याला पडतो." एवढं बोलून ती टेम्पोवाल्यांकडे वळली.

मला तेव्हा फार लाज वाटली असं नाही, रागच होता. रुग्णालयानं एवढं आधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. दारातली ती दोन मिनिटं ही तपासणीच होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हनुवटीवर मार बसला की धक्का जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडू शकतं. कानापुढे बोटं ठेवून ती तेच पाहत होती, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. आणखी एक गोष्ट घरी आल्यावर वाचली. जखमींची ही अशी निवड करण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे यानं रूढ केली. हुद्दा पाहायचा नाही, जखम किती जीवघेणी ते पाहायचं. मी इतिहास शिकवत होते, नेपोलियनच्या लढाया सनावळीसकट फळ्यावर लिहिल्या, पण या लाऱ्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.

असो. वाट पाहायची तर होतीच. मोठ्या माणसाला घड्याळ कळतं, मुलाला ते कळत नाही. "थोडा वेळ" म्हणजे किती, हे तिनं मला बारा वेळा विचारलं. फरशा मोजून झाल्या, खिडकीतून रिक्षा मोजून झाल्या. हनुवटी हलू नये म्हणून तिनं बोलायचं नव्हतं, म्हणून मीच बोलत होते. शेवटी चिऊकाऊची गोष्ट काढली. पावसात घर वाहून गेलेला तो कावळा दार ठोठावतो आणि चिमणी आतून थांब थांब म्हणते, बाळाला न्हाऊ घालायचं असतं, तीट लावायची असते. मी इथवर आले आणि पोरीनं माझा पदर ओढला. ओठ न हलवता म्हणाली, "आजी, आपण काऊ आहोत ना?" शेजारच्या बाकावरचा पट्टी बांधलेला मुलगाही हसला.

त्या हसण्यानं कसला धीर आला कोण जाणे, मी फोन काढला. सूनबाईंनी पहिल्या घंटेला उचलला. मी एका दमात सांगून टाकलं. पडली, हनुवटी फुटली, बोलतेय, उलटी नाही, मी झोपले होते, मी हळद भरली. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "हळद? आई, हळद?" एवढंच. पुढच्या मिनिटाला लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलवर आला. पाच वर्षांचा डोस झालेला होता, तारखेसकट. धनुर्वाताचं इंजेक्शन वाचलं.

साडेसहाला आमचा पुकारा झाला. डॉक्टर पोरसवदा होते, डोळे झोपेला आलेले. त्यांनी जखम पाहिली आणि मला काही न बोलता सलाइनच्या पाण्यानं हळद धुवायला घेतली. हळद जखमेच्या कडांत जाऊन बसली होती. टाके घालण्याआधी तिचा कण न् कण काढावा लागतो, त्याला जवळजवळ दहा मिनिटं लागली, आणि पोर सगळ्यात जास्त रडली ती तेव्हा. टाक्यांना नाही, माझ्या हळदीला. तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

मी तिला "काही दुखणार नाही हं" म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. "असं नका सांगू. बाळ, बधिर करायचं इंजेक्शन दुखेल. दहा आकडे म्हणेपर्यंत. मग नुसतं ओढल्यासारखं वाटेल." तिला चादरीत सुरवंटासारखं गुंडाळलं, मी तिचं डोकं धरलं. मोठ्यांदा एकापासून मोजायला लागलो, सात आले आणि ती स्वतःच आठ, नऊ म्हणाली. तीन टाके पडले. गुंगी लागलीच नाही. बाहेर येताच तिनं पार्लेजीचा अख्खा पुडा मागितला आणि दुधात बुडवून बुडवून संपवला.

डॉक्टरांनी रात्री काय पाहायचं ते बजावलं होतं. पुन्हापुन्हा उलट्या, उठवूनही न उठणं, झटका, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही झालं तर थेट परत या. मी रात्रभर तिच्या उशाशी बसून होते. साडेदहाला मुलगा-सून आले. सूनबाईंनी लेकीची हनुवटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन कपडे बदलले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी भाजी आणि दूध एवढ्यावरच बोललो. तिसऱ्या दिवशी माझ्या पर्समध्ये लसीकरणाच्या कार्डाची घडी घातलेली झेरॉक्स सापडली आणि सोबत गॉजची दोन पाकिटं. मी काही विचारलं नाही. मिसळणाच्या डब्याला मात्र आमच्या घरात आता कोणीतरी पाहिलं की हसतं, आणि तिची सुरुवात सूनबाईंनीच केली.

पाचव्या दिवशी टाके काढायला आम्ही दोघी मिळून नातीला घेऊन गेलो. बाह्यरुग्ण विभाग, आमचा नंबर सतरावा, दार बंद. सूनबाई घड्याळ बघायला लागल्या. आणि नात उठली, सगळ्यांच्या देखत त्या दारापाशी गेली आणि बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं. आतून सिस्टरचा आवाज आला, "थांबा जरा!"

पोर मागे वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, बाळाला तीट लावतेय."