सुईच्या टोकावरच्या पेशी

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेलं असतं. तिथली गाठ बाहेरून सहसा हाताला लागत नाही. म्हणून सोनोग्राफीची दुर्बीण तोंडावाटे आत सोडतात. जठराच्या भिंतीतून बारीक सुई गाठीत जाते आणि ओढलेला थेंब काचपट्टीवर पसरतात. त्यातल्या पेशी तपासणं म्हणजे सायटॉलॉजी.

मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं. माण-खटाव, जत तालुक्यांतली माणसं आजही उपचारांसाठी मिरज-कराड गाठतात. पण सोनोग्राफीची ही दुर्बीण सगळीकडे नसते. काही ठिकाणी सीटी स्कॅनवर बघत पोटावरून सुई घालतात, काही डॉक्टर पेशींऐवजी तुकडाच काढतात. कुठे पॅथॉलॉजिस्ट शेजारीच उभे राहून पेशी पुरेशा आल्या का, ते लगेच सांगतात. ही सोय फार मोलाची, कारण सुई पुन्हा टोचण्याची वेळ सहसा टळते.

गाठ काढण्याजोगी आणि स्कॅन स्पष्ट असेल, तर सुईशिवायही शस्त्रक्रिया होते. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची, तर मात्र पेशींचा पुरावा लागतोच.

रिपोर्टमध्ये ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असं आलं, तरी निर्धास्त राहू नका. सुई नेमक्या जागी लागली नसेल. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, काचपट्ट्या आणि नमुना जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या.