रक्तातील कोलेस्टेरॉल आणि मनाचे नैराश्य

कोलेस्टेरॉल म्हटले की हृदयविकार आठवतो; मनाशी त्याचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १९९३ साली कॅलिफोर्नियातील रँचो बर्नार्डो येथील वृद्धांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सत्तर व त्याहून अधिक वयाच्या ज्या पुरुषांचे कोलेस्टेरॉल १६० मिलिग्रॅमपेक्षा कमी होते, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. साहजिकच कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयी शंका निर्माण झाली.

परंतु दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. खिन्न मनुष्याची अन्नावरील वासना उडते, वजन घटते. त्यामुळेही कोलेस्टेरॉल उतरते. शिवाय मेंदू स्वतःपुरते कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्वास्टॅटिन गोळीने मृत्यू घटले. आत्महत्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही.

तात्पर्य, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. मात्र घरातील वडीलधारी व्यक्ती अबोल झाली, तिची भूक-झोप हरपली, तर ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षही करू नये. अहवालातील आकडा उत्तम असला तरी मन स्वस्थ असेलच असे नाही. डॉक्टरांना त्याविषयीही अवश्य सांगावे.