मागून बसलेली गाडी आणि वजनदार चालक
(मावळातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. चारसूत्री भातात चार रोपांच्या मधोमध ब्रिकेट किती खोल खोचायची, असल्या गोष्टी सांगायला मला बोलावतात. आज मात्र मी गाडीच्या मागच्या शॉकअपवर बोलणार आहे. अभियांत्रिकीच्या मित्रांनी माफ करावे. पण हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही, गुडघ्यावर घेतलेला आहे.

माझ्या मावसभावाची पवन मावळात शेती आहे. खाली भाताची खाचरे, वर टेकाडावर गुलाबाचे पॉलिहाऊस आणि मधे मुरमाची, चढाची वाट. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर रुतायचा, आणि डोक्यावरून खते वाहायला आता माणूस मिळत नाही. म्हणून त्याने जुनी एटीव्ही घेतली. जाड टायरची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली ही चारचाकी गाडी लोणावळ्याकडे पर्यटकांना फिरवताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गाडी चार-पाच हंगाम पर्यटकांना घेऊन फिरलेली होती. इंजिन ठीक होते, पण मागची बाजू दमलेल्या बैलासारखी खाली बसलेली. भाऊ ५८ किलोचा, त्याला फारसे जाणवले नाही. माझे वजन ९६ किलो. एका सकाळी फवारणीची ६० लिटरची टाकी मागच्या कॅरिअरवर बांधून मी तो चढ चढायला गेलो. निम्म्या वाटेवर गाडी एका खड्ड्यात आपटली, मागची बाजू टेकली, पुढची दोन्ही चाके उचलली गेली आणि मी मागे घसरलो. गाडी माझ्या बाजूला उलटली. अंगावर आली असती, तर आज हे भाषण दुसऱ्या कोणाला करावे लागले असते.

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. एटीव्हीचेही तेच. कॅरिअरवरचे ओझे मागच्या आसाच्याही मागे असते. समजा दोन आसांमधले अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि ६० किलोचे ओझे मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर मागे आहे. तर मागच्या चाकांवर ६० नव्हे, ७० किलो भार पडतो आणि पुढच्या चाकांवरचा १० किलोने कमी होतो. हा हिशेब सपाट जमिनीवरचा. चढावर, त्यात मागची बाजू आधीच बसलेली असताना, तो आणखी बिघडतो. टाकी अर्धी भरलेली असेल तर चढाला पाणी मागे धावते, ते निराळेच.

आता दुरुस्तीकडे वळू. गुडघा बरा झाल्यावर आम्ही गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी दाबून पाहिली आणि म्हणाला, शॉकअपचे ऑइल गेले, बदलून टाकू. ऑइल बदलले. गाडीचे उसळणे थांबले, बसणे मात्र तसेच राहिले. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, आपल्याकडे सर्रास हाच गोंधळ होतो. शॉकअपमध्ये दोन वेगळे कामगार असतात. गाडीचे ओझे उचलते ती बाहेरची स्प्रिंग. आतले तेल ओझे उचलत नाही. ते फक्त स्प्रिंगची उसळी आवरते. गाडी दाबून सोडल्यावर दोन-तीनदा डुलत राहिली, तर तेलाचा किंवा सीलचा दोष समजावा. गाडी उभी असतानाच मागून खाली गेलेली दिसली, तर स्प्रिंगकडे पाहावे. एका दुखण्याला दुसऱ्याचे औषध देऊन पैसे जातात.

मग आम्ही टेप घेतली. जमिनीचा कस मोजल्याशिवाय खत देऊ नये असे मीच सगळीकडे सांगत फिरतो, तेव्हा इथे तरी अंदाजाने कसे चालेल? पद्धत अगदी सोपी आहे, पण दोन माणसे हवीत. गाडीच्या मध्याखाली लाकडी ठोकळा देऊन मागची चाके अधांतरी करावीत. चाकाच्या आसापासून सरळ वर कॅरिअरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि जिथून मोजले तिथे खडूने खूण करावी. हे झाले मोकळे माप. मग गाडी खाली, सपाट जागेवर उतरवावी, दोन-तीन वेळा दाबून सोडावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. शेवटी चालकाने नेहमीच्या कपड्यांत, पाय पायदाणावर ठेवून बसावे आणि दुसऱ्याने तिसरे माप घ्यावे. मोकळ्या मापातून पुढची दोन्ही मापे वजा केली की दोन आकडे मिळतात. एक, गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते. दुसरा, चालकासह किती बसते.

आमच्या गाडीचे मागचे चाक वर-खाली मिळून १५ सेंटिमीटर हलू शकत होते. सर्वसाधारण ठोकताळा असा, की चालक बसल्यावर यातले सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ५ सेंटिमीटर खर्ची पडावे. बाकीचे १० खड्ड्यांसाठी शिल्लक राहतात. आमचे आकडे आले ४ आणि ९. म्हणजे मी नुसता बसलो की खड्ड्यांसाठी फक्त ६ सेंटिमीटर उरत होते. वर टाकी ठेवली की जवळजवळ काहीच नाही.

स्प्रिंगच्या एका टोकाला आवळण्याची चकती असते. बहुतेक मोटारसायकलींवर ती पायऱ्यांची असते आणि आकड्यासारख्या पान्याने फिरवतात. काही एटीव्हींवर आट्यांची नट असते. ती आम्ही आवळली आणि पुन्हा मोजले. आकडे आले २ आणि ७. भाऊ म्हणाला, अजून आवळ, ५ वर येईल. आवळले. चालकाचा आकडा ५ वर आला खरा, पण गाडीचा स्वतःचा आकडा शून्य झाला. गाडी मागून ताठ उभी, खाली यायला जागा आहे पण आणखी वर यायला काहीच नाही. रिकाम्या गाडीने खाचराच्या बांधावरून उतरलो की मागची चाके जमीन सोडून टणाटण उडायला लागली.

आता हे तीन जोड पाहा: ४ आणि ९, २ आणि ७, शून्य आणि ५. प्रत्येक जोडीतला फरक ५ आहे. आवळण्याने दोन्ही आकडे सारखेच सरकले, फरक हलला नाही. मला हे कळायला एक अख्खी दुपार लागली. तुमच्यासाठी ताणकाट्याचे उदाहरण देतो. व्यापाऱ्याच्या ताणकाट्याला शून्य जुळवायचा स्क्रू असतो. तो फिरवला की काटा वर-खाली सरकतो. पण १० किलोला काटा जितका उतरायचा तितकाच उतरतो, कारण आतली स्प्रिंग तीच असते. गाडीवरची चकती म्हणजे हा शून्याचा स्क्रू. आवळल्याने स्प्रिंग ताठ होत नाही. फक्त गाडी उभी राहण्याची जागा बदलते. आकडा थोडाच चुकलेला असेल, तर आवळून काम भागते आणि पैसा लागत नाही, म्हणून तो उपाय आधी करावा. पण चालकाचा आकडा बरोबर आला आणि गाडीचा स्वतःचा शून्यावर गेला, तर स्प्रिंग त्या चालकासाठी नरम आहे असे खुशाल समजावे. तिथे अधिक ताठ स्प्रिंग हाच इलाज.

ताठ स्प्रिंग घेताना तारेची जाडी पाहावी. वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून तार जाड केली, तर ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग साठ टक्क्यांनी ताठ होते. दुकानात नुसत्या डोळ्यांनी हा एक मिलिमीटर दिसत नाही. व्हर्निअर नसेल तर जुनी स्प्रिंग सोबत न्यावी. आम्ही लांबी, व्यास आणि वेढे जुळवून ९ मिलिमीटरची स्प्रिंग बसवली आणि बेताने आवळली. गाडीचा स्वतःचा आकडा २, माझ्यासह ५. फरक ५ वरून ३ वर आला. आता हलका भाऊ बसला तर त्याला गाडी किंचित कडक लागते. त्याबद्दल तो मला बोलतो. पण गाडी एक आणि चालक दोन असले की त्यातल्या वजनदार माणसाचा आणि ओझ्याचाच विचार आधी करावा, असे माझे मत आहे. माझे वजन कमी करण्याची सूचना घरातून आलेली आहे, तीही विचाराधीन आहे.

काही जुगाड आपल्याकडे फार चालतात. स्प्रिंगचा एक वेढा कापतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठ होते हे खरे, पण ती तितकीच आखूड होते. त्यामुळे गाडी वर येण्याऐवजी बहुधा आणखी खाली बसते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. वेढ्यांमध्ये रबराचे तुकडे कोंबतात. तिथले वेढे जखडले जातात आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. खाली जाड वायसर घालणे म्हणजे पुन्हा आवळणेच, आणि प्रमाणाबाहेर घातले तर पूर्ण दबण्याआधीच वेढ्याला वेढा भिडतो. दाबलेली स्प्रिंग योग्य शिकंजाशिवाय घरी सोडवायला जाऊ नये. ती सुटली तर हाड मोडते. काही शॉकअपमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो. ते तर मुळीच उघडू नयेत.

टायरच्या हवेविषयी. एटीव्हीचे टायर फुगीर असतात आणि त्यांना हवा अगदी कमी लागते. बहुतेकांना एक आकडी पौंड पुरतात, नेमका आकडा टायरच्या कडेवर किंवा गाडीच्या पट्टीवर असतो. आमच्या गाडीत रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने मोटारसायकलच्या सवयीने २८ पौंड भरली होती. मागून बसलेली स्प्रिंग आणि दगडासारखे टायर, मग खड्ड्यात गाडी उडणार नाही तर काय होईल? मोजमाप करण्याआधी हवा बरोबर करून घ्यावी, नाहीतर गाडी कशी चालते याचा अंदाजच चुकतो.

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे आपल्याला सांगायला नको. त्या चिखलात मागच्या चिमट्याचे बुश गंजतात आणि घट्ट होतात. मग चाक अर्धवट दाबलेल्या जागीच अडकते आणि स्प्रिंग चांगली असूनही गाडी बसलेली दिसते. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच, त्याच दिवशी चिमटा हाताने हलवून पाहावा आणि ग्रीस भरावे.

ज्यांच्याकडे एटीव्ही नाही, आणि ते बहुसंख्य आहेत, त्यांच्या मोटारसायकलीला हेच सगळे लागू आहे. नाणे मावळ, आंदर मावळ या भागांतून सकाळी दुधाच्या कॅन लावून निघणारी गाडी रस्त्यात उभी करून पाहा. एक लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम भरते. ४० लिटरच्या दोन कॅन म्हणजे नुसते दूध ८२ किलो, कॅनचे वजन वेगळे, आणि चालक वेगळा. गाडीसोबतच्या पुस्तिकेत एकूण किती ओझे चालते ते दिलेले असते. ते ओलांडले तर कोणतीही स्प्रिंग बसवून उपयोग नाही, कारण ब्रेक, रिम आणि टायर तेच राहतात. मर्यादेत असाल तर दोन्ही बाजूंच्या चकत्या सारख्याच पायरीवर आवळा. एक वर, एक खाली असे असेल तर चिमट्याला पीळ पडतो. चेन सैल-घट्ट पाहायची ती ओझे लादून पाहा. मागची बाजू दबत असताना चेन ताणली जाते, रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भरल्यावर फार घट्ट होऊ शकते. मागून बसलेल्या गाडीचा दिवा वर पाहतो. पहाटेच्या अंधारात स्वतःला खड्डा दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. कॅन शक्य तितक्या पुढे, आसाच्या रेषेत आणि खाली टांगाव्यात.

एटीव्ही शेतातच ठेवावी. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, मग ते आपल्याच दोन तुकड्यांमधले शंभर पावलांचे अंतर का असेना. अमेरिकेत पूर्वी अशा गाड्या तीन चाकांच्याही विकल्या जात. उलटून इतके अपघात झाले, की १९८८ साली तिथे त्यांची विक्री थांबली. चार चाकांची गाडी तीन चाकांच्या गाडीपेक्षा स्थिर असते, पण उलटतच नाही असे नाही. हेल्मेट घाला. चढाला पुढे झुका आणि मागे बसायला दुसरा माणूस घेऊ नका.

भावाच्या गाडीवर आता टाकीची जागा आम्ही बदलली आहे. मोठी टाकी वर पॉलिहाऊसपाशी कायमची ठेवली, गाडीवरून २० लिटरचे कॅन दोन खेपांत जातात. स्प्रिंग बसवल्यावर महिनाभराने पुन्हा मोजले, तेव्हा माझा आकडा ५ वरून साडेपाच झाला होता. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, चकती किंचित फिरवून तो परत ५ वर आणला. खडूची खूण पावसाने गेली होती, म्हणून या वेळी कॅरिअरवर कानशीने बारीक रेघ मारून ठेवली आहे.