बॅट कोणती घ्यावी आणि हात कसा बसवावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी तिसगाव येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून या, असे पत्र आले तेव्हा मला संकोचच वाटला. मी याच गावची लेक. एस.टी.तून उतरल्यावर पाहुण्यासारखे चालायचे की माहेरवाशिणीसारखे धावत सुटायचे, हेच कळेना. शिवाय अशा प्रसंगी काही भारदस्त विषयावर बोलण्याची प्रथा असते, आणि ते मला साधत नाही. मी तीस वर्षे शाळेतल्या मुलींना खेळ शिकवले, त्यातही टेबल टेनिस अधिक. तसे मी चिटणीसबाईंना कळवले. त्यांचे उत्तर आले, "त्यावरच बोला. टेबल आणल्यापासून आमच्यात बॅटवरून वाद चालू आहेत, ते तरी मिटतील."

वाद मिटवणे माझ्या हाती नाही. पण त्या पत्राबरोबर दुसरेही एक पत्र होते, ते मात्र मला स्वस्थ बसू देईना. एका भगिनीची मुलगी आठवीत आहे, बरी खेळते. तालुक्याच्या सामन्यात ती शहरातल्या एका मुलीकडून हरली. त्या मुलीची बॅट म्हणे आठ-नऊ हजारांची होती. घरी आल्यावर पोर दोन दिवस नीट जेवली नाही. आता आईने विचारले आहे, "बचत गटातून कर्ज काढून तशी बॅट घ्यावी का?" त्या बाई या सभेत बसल्या आहेत. नाव मी घेणार नाही, पण आजचे माझे सगळे बोलणे त्यांच्यासाठी आहे असे समजा. बाकीच्यांनी ऐकले तर हरकत नाही.

आधी माझीच फजिती सांगते. नगरला कॉलेजात असताना मी खेळात बऱ्यापैकी पुढे होते. माझी बॅट जुनी, हळू चालणारी. एका सामन्यात हरले आणि मनाने घेतले की दोष बॅटचाच. वडिलांनी दोन करडे विकली आणि मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून परदेशी रबराची बॅट आणली. दुकानदार म्हणाला, चँपियन हीच वापरतात. खोटे नसेलही. पण त्या बॅटला चेंडू नुसता टेकला तरी तो टेबलापलीकडे जाई. चेंडू बाहेर जातो म्हणून मी हात आखडू लागले. आखडलेल्या हाताने जोर येईना, म्हणून नुसता ढकलून खेळू लागले. वर्षभरात माझा फोरहँड गेला. तो परत आणायला दोन वर्षे लागली, तीही त्याच जुन्या बॅटवर. वडील त्या करडांबद्दल पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

आता कोणी म्हणेल, बॅटने काहीच फरक पडत नाही काय? पडतो. आपल्या मुंबईतच तो साऱ्या जगाने पाहिला. १९५२ साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा आशियात प्रथमच भरली, ती मुंबईस. त्या वेळी सगळे खेळाडू लाकडावर दाणेदार रबर लावलेली बॅट वापरीत. चेंडू लागला की टक् असा आवाज येई, आणि त्या आवाजावरून समोरचा ओळखी की फटका किती जोराचा आहे. जपानचे हिरोजी सातो, चष्मा लावणारे शांत गृहस्थ, जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले. तिला आवाजच नव्हता. चेंडू स्पंजात क्षणभर रुतून वेगाने सुटे. भल्याभल्यांचा अंदाज चुकला आणि सातो जगज्जेते झाले. हे पद मिळवणारे ते पहिले आशियाई.

इथपर्यंत ऐकले की वाटते, चला, काढा कर्ज! पण त्याच मुंबईत, त्याच स्पर्धेत, स्त्रियांचे विजेतेपद रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनू यांनी मिळवले. त्यांच्या हाती जुनीच दाणेदार बॅट होती. १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे त्या जगज्जेत्या होत्या. त्याच १९५२ साली सिंगापूरला आशियाई स्पर्धेत मुंबईच्या गूल नासिकवाला स्त्रियांच्या एकेरीत पहिल्या आल्या. सातोंना मात्र ते जगज्जेतेपद पुन्हा मिळाले नाही. दोघाचौघांच्या हाती स्पंज आला आणि त्याचे नवल संपले. पुढे जपानचेच ओगिमुरा १९५४ आणि १९५६ साली जिंकले, तेव्हा स्पंज अनेकांकडे होता. जिंकला तो सराव. १९५९ साली नुसत्या स्पंजावर बंदी आली आणि रबर व स्पंज मिळून जाडी चार मिलिमीटरपेक्षा अधिक नको असा नियम झाला. आजची बॅट त्याच नियमातली आहे.

तर बॅट कशी घ्यावी? बॅटचे तीन भाग: लाकूड, स्पंज, रबर. शिकणाऱ्या मुलीला पाच पातळ थरांचे साधे लाकूड पुरे. दुकानात 'ऑलराउंड' म्हणून मागावे. कार्बनचा थर घातलेले लाकूड वेगवान असते. ते ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी. स्पंज दीड ते १.८ मिलिमीटर आणि मऊ असावा. दोन मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा मोह आज नको. रबर दोन्ही बाजूंना गुळगुळीत आणि चेंडूला धरणारे घ्यावे. एक बाजू काळी आणि दुसरी लाल, हा रंग हौसेचा नाही, नियमाचा आहे. कोणत्या बाजूने मारले ते समोरच्याला कळावे म्हणून. २०२१पासून लालऐवजी हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी चालतो, पण एक बाजू काळीच हवी. सामन्यासाठी घेत असाल तर रबरावर आंतरराष्ट्रीय संघटनेची खूण आहे ना, ते पाहावे.

मुली मला हमखास विचारतात ते लांब दाण्यांच्या रबराबद्दल. मनिका बात्रांच्या बॅटला मागच्या बाजूस ते असते, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असते. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक, २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेवटच्या सोळांत. मुलींनी त्यांच्याकडे पाहावे यात नवल नाही. त्या रबराचा गुण असा की समोरच्याने दिलेली फिरकी ते उलटी करून परत पाठवते. पण स्वतःची फिरकी त्यातून फारशी निघत नाही. ज्या मुलीला समोरची फिरकी ओळखताच येत नाही, तिला आपण काय परत पाठवले तेही कळत नाही. म्हणून दोन वर्षे तरी गुळगुळीतच बरे.

मूठ हाताला बसते की नाही ते दुकानातच पाहावे. आपल्या बायकांचे, मुलींचे पंजे लहान. जाड मुठीची बॅट धरली की बोटे ताणतात आणि मनगट ताठ होते. बॅट धरायची ती कोणाशी हस्तांदोलन करावे तशी. तर्जनी मागे, अंगठा पुढे, आणि मूठ सैल. चिमणी हातात धरली आहे अशी कल्पना करा, चिमणी गुदमरायला नको आणि उडायलाही नको. वजन एकशेसत्तर ग्रॅमच्या आसपास असले की मुलींना झेपते. आणि बांगड्या! काचेच्या बांगड्या खेळत्या हातात नकोत. त्या टेबलावर आपटून फुटतात, लागतात. काढायच्या नसतील तर वर सारून रुमाल बांधावा. कोण काय म्हणेल ती चर्चा हळदीकुंकवाला करू.

बॅटपेक्षाही मी आग्रह धरीन तो चेंडूंचा आणि टेबलाचा. मंडळाने टेबल आणले, फार चांगले केले. पण काल मी पाहिले तर जाळी मध्यभागी लोंबत होती. जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच हवी. टेबल बरोबर आहे की नाही याची परीक्षा घरच्या घरी होते: चेंडू तीस सेंटिमीटरवरून सोडला की तेवीसच्या आसपास उसळला पाहिजे, आणि टेबलाच्या सगळ्या कोपऱ्यांवर सारखाच. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. चैत्र-वैशाखात आपल्या तिसगावला हे किती अवघड, ते मला ठाऊक आहे. तेव्हा पहाटे खेळावे, हाच इलाज.

आणि आपली धूळ. बॅटचे खरे वैरी धूळ आणि ऊन. रबरावर धुळीचा पातळ थर बसला की आठ हजारांचे रबरही चेंडूला धरत नाही. खेळ संपला की ओल्या स्वच्छ फडक्याने रबर पुसावे, वाळू द्यावे आणि बॅट पिशवीत घालावी. उन्हात, पत्र्याखाली ठेवू नये. रबर कडक होऊन तडकते. माझी खात्री आहे की मंडळाच्या सहा बॅटपैकी चार नुसत्या पुसल्या तरी सुधारतील.

आता हात. पहिला फोरहँड. गुडघे थोडे वाकवा, पावले खांद्याहून जरा रुंद. बॅट कमरेजवळून निघावी आणि कपाळाशी यावी, सलाम केल्यासारखी. जोर दंडातून येत नाही. तो मागच्या पायातून कमरेत आणि कमरेतून हातात येतो. आपल्याला डोक्यावर हंडा घेऊन मान आणि पाठ ताठ ठेवण्याची सवय. पण टेबलापाशी तीच आडवी येते. जरा पुढे झुका. बॅकहँडला बॅट बेंबीसमोर धरावी, कोपर जागेवर ठेवावे आणि पंगतीत ताट पुढे सरकवावे तसा पुढचा हात सरकवावा.

फिरकी शिकवताना मी काडेपेटी घेते. काडी पेटीवर आपटली तर पेटत नाही, घासली तर पेटते. टॉपस्पिन म्हणजे चेंडूला खालून वर आणि पुढे असे घासणे. नुसते आपटले तर चेंडू सरळ जातो. घासले तर तो पुढच्या अंगाने फिरत जातो, जाळीवरून उंच गेला तरी खाली वळतो आणि टेबलावरच पडतो. म्हणूनच जोराचा फटकाही आत राहतो. उलट फिरकीसाठी, ज्याला पुश म्हणतात, थालीपीठ उलटताना उलथणे त्याच्याखाली अलगद सरकवतो तशी बॅट चेंडूखाली सरकवायची. उलथणे जोरात मारले तर थालीपीठ तुटते. इथे चेंडू उंच उठतो आणि समोरची मुलगी स्मॅश मारते.

अशी फिरकी समोरून आली तर काय करायचे, हे मुलींना सर्वांत जड जाते. उलटी फिरकी आलेला चेंडू साध्या बॅटने टेकवला की जाळीत जातो. तेव्हा बॅट आकाशाकडे थोडी उघडावी. पुढची फिरकी आली की चेंडू वर उडतो; तेव्हा बॅट झाकावी. समोरच्या बॅटची दिशा पाहावी, चेंडूकडे नंतर. ही एक सवय लागली की अर्धे सामने वाचतात. ती मुलगी तालुक्याला हरली ती बहुधा इथेच. तिच्या आईने लिहिले आहे की चेंडू सारखे जाळीत जात होते. बॅट आठ हजारांची असती तरी ते जाळीतच गेले असते.

सराव रोज वीस मिनिटे करावा; रविवारी एकदम तीन तास करण्यापेक्षा तो बरा. दोघी असाल तर आधी फोरहँड ते फोरहँड, मोजत. पन्नास न चुकता झाले की शंभर. एकटी असाल तर सर्व्हिस. टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात कागद ठेवा आणि त्यावर टाका. चेंडू उघड्या तळहातावरून सोळा सेंटिमीटर तरी वर उडवावा लागतो, आणि टेबलाच्या मागूनच. घरात हे न पाळता टाकायची सवय लागली की सामन्यात पंच गुण काढून घेतात, मग रडे येते. आणि एक टोपलीभर चेंडू असले तर एकीने हाताने भराभर टाकावे, दुसरीने मारावे. तीस चेंडूंत जेवढा हात बसतो तेवढा अर्ध्या तासाच्या गप्पांच्या खेळात बसत नाही. चेंडू वेचायला लहान मुले आहेतच.

आता त्या भगिनीला माझे उत्तर. बाई, कर्ज काढू नका. हजार-दीड हजारात साध्या लाकडाची, मऊ स्पंजाची बॅट येते, ती घ्या. उरलेल्या पैशांतून चेंडू आणा, आणि मंडळाने जाळी नीट करावी. मुलीचे रबर वर्षभरात गुळगुळीत होऊन घसरू लागले तर फक्त रबर बदलावे, बॅट नको. तिचा हात एवढा बसला की चेंडू सारखा टेबलात पडतो आहे पण वेग कमी पडतो असे दिसू लागले, तर मला पत्र लिहा. तेव्हा जाड स्पंजाचे बोलू. आणि हरून आली तर तिला एकच विचारा, चेंडू कोणत्या फिरकीला जाळीत गेला. तिला ते सांगता आले तर ती जेवेल.

लग्नानंतर मुलीचा खेळ सुटतो, हेही या पत्रात एका ओळीत होते. १९७६ साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या शैलजा साळोखेंचे नाव मी शाळेत मुलींना सांगे तेव्हा त्या विचारीत, "बाई, त्या अजून खेळतात का?" त्यांना पुरस्काराचे कौतुक होते, चिंता दुसरीच होती. माझी सासू मला खेळू देई, पण ती स्वतः मैदानावर कधी आली नाही. इथे टेबल तुमच्याच सभागृहात आहे आणि सासवा-सुना दोघीही सभासद आहेत. जमेल तशा या.

चहा व्हायला अजून अर्धा तास आहे असे चिटणीसबाई म्हणतात. ज्यांनी आपापल्या बॅट आणल्या आहेत त्यांनी त्या टेबलावर ठेवाव्यात, मी एकेक पाहते. त्या आठवीतल्या मुलीला पहिली पाठवा. आणि कोणीतरी तो पंखा तेवढा बंद करा.