रेडिएटरला तहान का लागते?



भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही रेडिएटरवर बोलणार आहोत. हसू नका. मागच्या हंगामात ज्वारीच्या खळ्यावर मळणी चालू असताना एक ट्रॅक्टर तापला, वाफ निघू लागली आणि एका पोरानं घाईनं टोपण फिरवलं. उकळतं पाणी हातावर, मानेवर आलं. पोरगा दीड महिना घरी बसला. इंजिनाचं हेड बेंड झालं ते वेगळंच, आणि तो खर्च आपल्या ज्वारीच्या भावात कुणी धरला नाही.

रेडिएटरचं टोपण हे नुसतं झाकण नव्हे. ते दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सोडलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम उसळतं. म्हणून इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. वरच्या होजला हात धरवला, मगच जाड फडकं टाकून टोपण हळूहळू सोडा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

खळ्यावर ट्रॅक्टर जागेवर उभा असतो, भार पुरा असतो आणि भोवती भुसकट उडत असतं. पंखा समोरून हवा ओढतो, तिच्याबरोबर भुसकट जाळीत जाऊन बसतं. हवाच बंद झाली तर पाणी कितीही भरा, इंजिन तापणारच. मळणीत दर दोन तासांनी इंजिन बंद करून जाळी झाडा. हवा मारायची तर पंख्याकडून समोर मारा. समोरून मारली तर कचरा आणखी आत रुततो.

जाळी साफ आहे, तरी तापतो? उभा असताना तापून रस्त्यावर निवत असेल, तर फॅन बेल्ट बघा. चढावर, भरल्या ट्रॉलीनं तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय. वरचा होज चटका देतो आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकला असेल. गळती दिसत नाही पण पाणी रोज कमी होतं, ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि गाडी हलवू नका, मेस्त्रीला बोलवा.

चोंदण्याचं मूळ मात्र आपल्या बोअरमध्ये आहे. काळ्या पाषाणातलं पाणी जड. चहाच्या पातेल्याला बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुणी म्हणेल, 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडीला चांगलं पाणी कुठलं? पण ट्रॅक्टरला दहा-बारा लिटरच लागतं. पहिला पाऊस वाहू द्या, नंतरचं पत्र्यावरचं पाणी फडक्यातून गाळून कॅनमध्ये ठेवा. त्यात कूलंट निम्मं. 'आपल्याकडे बर्फ कुठं पडतो' म्हणून लोक ते टाळतात. पण कूलंट गंज अडवतं आणि पाणी उशिरा उकळतं. जुनं काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते गोड लागतं, जनावर चाटतं, आणि ते विष आहे.

बाहेर आमची जीप उभी आहे. सकाळपासून गार झालीय. जेवणं झाली की बॉनेट उघडतो, या.