आपला सगळ्यात वाईट राउंड किती वाईट असतो?

(या भागाची लेखी प्रत. अडखळलेलं थोडं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, नोकरी बदलायच्या टिप्स नाहीत. आज बोलायचंय शॉटगनबद्दल. हो, बंदूकच. हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडायचा खेळ असतो ना, क्ले टार्गेट, त्याबद्दल. आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल : आज भारी खेळलो, उद्या एकदम भंगार, असं का होतं?

आधी माझं सांगतो. मी पांढरकवड्याकडचा. घरी कापूस आणि तूर. बीटेक झालं आणि आमच्याकडची बरीच पोरं जातात तसा मीही हायवे पकडून आदिलाबादवरून हैदराबादला आलो. आयटीतली नोकरी. ऑफिसातला एक सीनियर शनिवारी रेंजवर जायचा. एकदा मी सहज सोबत गेलो. पहिल्या पंचवीसपैकी चार फोडल्या आणि चौथी फुटली तेव्हा जो काळा धूर उडाला, तो अजून डोळ्यासमोर आहे. झालं, लागलं वेड.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मी खेळतो तो प्रकार ट्रॅप. समोर १५ मीटरवर जमिनीच्या पातळीखाली खंदक असतो, त्यात तबकडी फेकणारी यंत्रं. तुम्ही आवाज दिला की मायक्रोफोन तो पकडतो आणि तबकडी सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, आधी कळत नाही. तबकडी ११० मिलिमीटर रुंद, वजन १०५ ग्रॅम. नावाला क्ले, म्हणजे माती, पण बनते चुनखडीची भुकटी आणि डांबरासारख्या पिचपासून. सुटताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. एका राउंडला २५ तबकड्या. पाच जागा असतात, एक बार झाला की पुढच्या जागेवर सरकायचं. मोठ्या स्पर्धेत असे पाच राउंड, म्हणजे १२५.

आता २०२३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी पहिली मोठी स्पर्धा. पाच राउंडचे माझे स्कोअर ऐका : २१, १९, १४, २०, १६. एकूण ९०.

पहिल्या राउंडनंतर मी हवेत होतो. एकवीस! माझा तोवरचा बेस्ट. तिसऱ्या राउंडला चौदा. त्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसून मी फक्त हिशेब करत होतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये होता. माझी एका वीकेंडची काडतुसं, रेंजची फी आणि पेट्रोल धरलं की जवळपास तेवढेच. म्हणजे बाबांचा एक क्विंटल कापूस मी दर शनिवार-रविवारी हवेत उडवत होतो. पैसे माझ्या पगारातले, मान्य. पण आमच्या घरात पैशाचं माप कापसातच होतं. आणि त्या बदल्यात काय? चौदा.

मी ठरवलं होतं, सोडून द्यायचं. घरी फोन केला. आईला खेळ कळत नाही. तिने विचारलं, “कितीक चुकल्या?” मी म्हटलं, पस्तीस. “आन् कधी चुकल्या?” मी म्हटलं, कधी म्हणजे? ती म्हणाली, “एक चुकली का मंग लागोपाठ चुकत असन ना तुह्या?”

मी गप्प. कारण मला माहीतच नव्हतं. आणि मी कोण? दिवसभर लॉग वाचून बग शोधणारा माणूस. स्वतःच्या खेळाचा एकसुद्धा लॉग माझ्याकडे नव्हता.

तर मी सोडायचं तीन महिने पुढे ढकललं आणि लिहायला लागलो. साधी शीट. प्रत्येक तबकडीसाठी चार रकाने : कोणती जागा, कोणती दिशा, लागली की चुकली, आणि मला काय जाणवलं ते दोन शब्दांत. तीन महिन्यांत ४८ राउंड, १२०० तबकड्या. चुकल्या ३१२. सरासरी राउंडला साडेअठरा.

आता मजा बघा. आधीची तबकडी लागली असेल, तर पुढची मी साधारण पाचात एकदा चुकवत होतो. पण आधीची चुकली असेल, तर पुढची पाचात दोनदा, किंबहुना जरा जास्तच. हात तोच, बंदूक तीच, काडतुसांचा डबा तोच. आई बरोबर होती.

म्हणजे माझा प्रॉब्लेम नेम नव्हता. प्रॉब्लेम होता चुकल्यानंतरचा अर्धा मिनिट. ट्रॅपमध्ये सहा जण एका गटात असतात. तुमचा बार झाला की बाकीचे पाच जण मारेपर्यंत तुम्ही उभे. त्या वेळात माझं डोकं काय करायचं? मागची का चुकली याचं पोस्टमॉर्टेम आणि आता किती लागल्या तर किती होतील याचं गणित. तबकडी सोडून सगळीकडे लक्ष.

इथे कुणाला वाटेल, मोठ्या खेळाडूंचं असं होत नसेल. होतं. ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. स्कीट मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका. पात्रता फेरीत दोघांचे मिळून १५० पैकी १४६. चारच चुकल्या! मग कांस्यपदकाचा सामना चीनशी, ४८ तबकड्यांचा. चीन ४४, भारत ४३. एका तबकडीने पदक गेलं. दीडशेत चार चुकवणाऱ्या जोडीच्या त्या अठ्ठेचाळीसात पाच चुकल्या. त्यांना नावं ठेवायला नाही सांगत, त्यांच्या नखाचीही सर मला नाही. सांगायचं एवढंच, की दबाव आला की सगळ्यात वर असलेल्या माणसाचाही आकडा हलतो.

आणि उलटं उदाहरण. हांगझोऊ एशियाड, २०२३. पुरुषांच्या ट्रॅपमध्ये आपल्याला सांघिक सुवर्ण मिळालं : हैदराबादचा कायनान चेनाई, जोरावर सिंग संधू आणि पृथ्वीराज तोंडायमान. तिघांचे मिळून ३७५ पैकी ३६१. सोनं जिंकणाऱ्यांच्याही चौदा चुकल्या! पण राउंडची सरासरी काढा, २४ येते. एका राउंडला एक चुकते, फार तर दोन. माझ्या त्या वाईट राउंडला एकट्याच्या अकरा चुकल्या होत्या.

इथे माझी ट्यूब पेटली. मी कायम माझा बेस्ट वाढवायच्या मागे होतो. एकवीसचे बावीस कसे होतील? बंदुकीच्या नळीचा चोक बदल, काडतूस बदल, यूट्यूबवर बघून उभं राहायची पद्धत बदल. खरं काम होतं चौदाचे अठरा करणं. वरचा आकडा नाही, खालचा आकडा उचलायचा.

मग सरांकडे गेलो, म्हणजे आमच्या रेंजवरच्या कोचकडे. शीट दाखवली. ते म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि चार वीकेंड दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आपण डीबग करताना हेच करतो ना? पाच बदल एकदम केले तर कशाने चाललं हे कळणारच नाही.

पहिली गोष्ट, गाल. रायफलला मागेपुढे दोन्हीकडे साइट असते. शॉटगनला मागची साइट नसते. तुमचा डोळाच मागची साइट. म्हणजे दस्त्यावर गाल कुठे टेकतो यावर सगळं अवलंबून. गणित करून बघा : डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर. तबकडी ३५ मीटरवर. गाल अर्धा सेंटीमीटर उचलला गेला, की छर्रे तिकडे १७-१८ सेंटीमीटर वर. एक सेंटीमीटर उचलला, तर ३५. झालं, तबकडी छर्ऱ्यांच्या काठावर. आणि आपण गाल कधी उचलतो? लागली का ते बघायची घाई झाली की. क्लबची बंदूक घरी आणता येत नाही, म्हणून मी रोज रात्री आरशासमोर झाडूची काठी घेऊन तीस वेळा खांद्याला आणि गालाला लावायचो. रूममेटने व्हिडिओ काढलाय. तो त्याने कुणाला दाखवू नये, एवढीच विनंती.

दुसरी गोष्ट, डोळे. नळीकडे बघायचंच नाही. नळी खंदकाच्या वर ठरलेल्या जागी धरायची, आणि नजर तिच्या पलीकडे, जिथे तबकडी पहिल्यांदा स्पष्ट दिसते तिथे, सैल सोडायची. तबकडी दिसल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि घोडा दाबल्यावर हात थांबवायचा नाही. छर्ऱ्यांना तिथे पोचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी अडीच मीटरच्या आसपास पुढे जाते. तिरकी जाणारी असेल तर त्यातली बरीचशी आडवी. हात थांबला की तुम्ही तबकडीच्या मागच्या हवेवर बार टाकता. माझ्या शीटमध्ये उजवीकडच्या चुका जास्त होत्या, त्याचं कारण हेच निघालं.

आणि सुरुवातीलाच तपासायला हवं होतं ते म्हणजे कोणता डोळा बलवान आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूवर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा जागेवरच दिसतो, तो तुमचा बलवान डोळा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा बलवान असला, तर नेम जातो एकीकडे आणि बार दुसरीकडे. माझं सुदैवाने ठीक निघालं.

तिसरी गोष्ट, ती अर्धा मिनिटाची. हे सगळ्यात अवघड. सर म्हणाले, डोकं रिकामं ठेव म्हटलं तर राहत नाही, त्याला काम दे. तर आता माझा क्रम ठरलेला आहे. बार झाला, बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं, तिथेच ती तबकडी संपली. मग नजर पायाजवळच्या गवतावर. माझ्या आधीच्याने मारलं की काडतूस भरायचं, पाय लावायचे, एक श्वास सोडायचा, आणि आवाज. आवाजसुद्धा प्रत्येक वेळी सारखाच. लागली तरी हाच क्रम, चुकली तरी हाच. लागल्यावर वेगळं वागलात, तर चुकल्यावरही वेगळं वागाल.

हे आईला सांगितलं, तर ती हसली. म्हणे यात नवीन काय? कापूस वेचायला बाया लागतात, तेव्हा प्रत्येकीला आपली पात असते. जी बाई मान वर करून आख्ख्या वावराकडे बघत बसते, तिची पात मागे राहते. “तू तुह्या पातीकडं पाह्य ना. वावराकडं कायले पाह्यतं?” आता मी गवताकडे बघताना मनात एकच शब्द म्हणतो, पात. कोचिंगची फी सरांनी घेतली, शब्द आईने फुकट दिला.

आता रिझल्ट. २०२४ चा हिवाळा, तसलीच स्पर्धा. १९, २०, १८, २०, १९. एकूण ९६. बघा, एकदाही एकवीस नाही! माझा बेस्ट खाली आला. पण सगळ्यात वाईट राउंड चौदावरून अठरावर गेला. पदक नाही, पदकाच्या जवळपासही नाही. तरी त्या संध्याकाळी गाडीत बसून मी कापसाचा हिशेब केला नाही. आता महिन्यातले दोनच वीकेंड जातो, काडतुसं मोजून नेतो, आणि प्रत्येक काडतूस शीटमध्ये लिहिलेलं असतं.

शेवटी आपल्या महाराष्ट्राचं एक नाव. स्वप्निल कुसाळे, कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी. त्याची रायफल, शॉटगन नाही, पण गोष्ट तीच. हांगझोऊला फायनलमध्ये उभ्याने मारताना एक शॉट ७.६ गेला आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिसला पात्रतेत ५९० गुण, सातवा नंबर, कुणाच्या डोळ्यात भरावा असा नाही. आणि १ ऑगस्ट २०२४ ला फायनलमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य. त्या ७.६ ला डोक्यात घर करू दिलं असतं, तर तो पॅरिसच्या फायनलला उभा राहू शकला असता का? मला नाही वाटत.

जाता जाता, ज्यांना हा खेळ करून बघायचाय त्यांच्यासाठी. बंदुकीला लायसन्स लागतं, त्यात शॉर्टकट नाही. सुरुवात मान्यताप्राप्त रेंजवर, कोचच्या देखरेखीखालीच करा. कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच. तुमची पाळी नसेल तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी. रील काढायला बंदूक हातात घ्यायची नाही, कृपा करून.

आणि ज्यांना हा खेळ करायचा नाही, त्यांनी एवढंच करा : क्रिकेट असो, स्पर्धा परीक्षेच्या मॉक टेस्ट असोत, पुढचा महिनाभर आपला बेस्ट स्कोअर कुणाला सांगू नका. सगळ्यात वाईट कोणता होता, आणि त्याच्या आधी काय चुकलं होतं, ते लिहून ठेवा. महिन्याने मला व्हॉइस नोट पाठवा. मी ऐकतो, खरंच ऐकतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर आपापल्या पातीकडे बघा. रामराम!